'सर्व सुविधांनी युक्त' : नियोजित वसाहतीचा इतिहास कसा वाचायचा?

पेट झाली, मुलाखत झाली आणि आता सिनॉप्सिस लिहायला बसलाय, अशा मित्रमैत्रिणींसाठी आजचं लेखन आहे. मागच्या वेळी आपण संशोधन प्रश्न कसा बांधायचा ते पाहिलं होतं. आज एका विशिष्ट प्रकारच्या मजकुराची चिकित्सा करू. तो आपल्या सगळ्यांना सहज सापडतो आणि म्हणूनच घातक ठरतो.

कोणत्याही नियोजित वसाहतीची माहिती उघडा. नगरपालिकेची पुस्तिका असो, वर्धापनदिनाची स्मरणिका असो की बिल्डरचं माहितीपत्रक. दोन मथळे हमखास असतात. पहिला 'इतिहास', दुसरा 'सुविधा'. इतिहासात लिहिलेलं असतं की इथे पूर्वी काहीच नव्हतं. सुविधांमध्ये लिहिलेलं असतं की इथे आता सगळं आहे. बाग, मैदान, नाट्यगृह, तरणतलाव, ज्येष्ठ नागरिक कट्टा. आपण काय करतो? पहिला मथळा उचलून 'अभ्यासक्षेत्राचा परिचय' लिहितो, दुसऱ्याचा तक्ता करून परिशिष्टात टाकतो. प्रकरण तयार!

मी अगदी हेच केलं होतं. माझं गाव जांभूळ, अंबरनाथ तालुक्यातलं. उल्हासनगर आमच्यापासून इतकं जवळ की ते 'अभ्यासक्षेत्र' आहे असं कधी वाटलंच नाही. आमच्याकडे जुनी माणसं त्याला उल्हासनगर म्हणतच नाहीत, 'कॅम्प' म्हणतात. लग्नाचं कापड घ्यायला कॅम्प, कपाट घ्यायला कॅम्प. तर माझ्या पहिल्या मसुद्यात वाक्य होतं : 'उल्हासनगर हे स्वातंत्र्यानंतर वसवलेलं एक नियोजित नगर असून कालांतराने अतिक्रमणांमुळे त्याच्या मनोरंजन सुविधांचा ऱ्हास झाला.' गाईडनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि तीन शब्द लिहिले : 'नियोजित? कोणी? कोणासाठी?'

त्या तीन शब्दांनी माझं अख्खं वर्ष खाल्लं. पण आज मी जे सांगणार आहे ते त्यातूनच आलंय. थोडक्यात असं : 'नियोजित' हा शब्द वर्णन नाही, तो एक दावा आहे. आणि तो दावा तपासायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे मैदान. रस्ता, नळ, वीज नसेल तर वसाहत चालतच नाही, म्हणून ते कसंही करून येतं. मैदान नसलं तरी वसाहत चालते. म्हणून ज्याची अडचण पहिल्यांदा मैदानावर ढकलली जाते ते कोण, हे पाहिलं की नियोजन कुणासाठी होतं ते कळतं.

'पूर्वी इथे काहीच नव्हतं'

उल्हासनगरचा सर्वत्र आढळणारा इतिहास असा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी उभारली गेली, 'कल्याण कॅम्प'. युद्ध संपलं, छावणी ओस पडली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथे ठेवण्यात आलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. पुढे नगरपालिका, पुढे महानगरपालिका.

यातलं एकही विधान खोटं नाही. अडचण सुरुवातीची आहे. हा इतिहास छावणीपासून सुरू होतो, म्हणजे छावणीच्या आधी जमिनीवर कोणी नव्हतं असं आपण न बोलता मान्य करतो. आता जरा आजूबाजूला पाहा. उल्हासनगरपासून थोड्या अंतरावर मलंगगडाच्या रस्त्याला नेवाळी आहे. तिथेही दुसऱ्या महायुद्धातच विमानतळासाठी गावकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. युद्ध संपलं, जमीन परत आली नाही. २०१७ च्या जूनमध्ये तिथे शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं, गाड्या जळल्या, पोलिसांशी झटापट झाली. सत्तरेक वर्षांनंतर! सरकारी कागदावर ज्याला 'लष्करी जमीन' म्हणतात, तिला गावातली माणसं अजून 'आमची शेतं' म्हणत होती.

एकाच युद्धात, एकाच टापूत, एकाच कारणासाठी घेतलेल्या जमिनी. नेवाळीचा इतिहास शेतकरी सांगतात म्हणून तो शेतापासून सुरू होतो. कॅम्पचा इतिहास नगराच्या स्मरणिका सांगतात म्हणून तो बराकीपासून सुरू होतो. तुम्ही जेव्हा लिहाल 'वसाहत ओसाड जागेवर उभी राहिली', तेव्हा स्वतःला विचारा : ही ओसाडी मी पाहिली की कुणाकडून उसनी घेतली? जुने सातबारे, फेरफार आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे १८८२ चे ठाण्याचे खंड, एवढं चाळलं तरी 'काहीच नव्हतं' हे वाक्य लिहायला हात धजत नाही. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चं. वालधुनीच्या काठावरचं. हजार वर्षांपूर्वी ज्या नदीकाठावर शिलाहारांनी एवढं देऊळ बांधलं, त्याच नदीच्या पुढच्या टप्प्यावर १९४० पर्यंत काहीच नव्हतं हे कसं पटायचं?

आराखडा होता, पण कुणाचा?

आता 'नियोजित' या शब्दाकडे येऊ. छावणी नियोजित होती, यात शंका नाही. सरळ रस्ते, ओळीने बराकी, बराकींना नंबर. आजही उल्हासनगरचा पत्ता पाहा, 'बॅरेक नंबर अमुक, सेक्शन तमुक, उल्हासनगर ३' असा असतो. बराक कधीच पाडली गेली, तिथे पाच मजले उभे आहेत, पण पत्त्यात ती जिवंत आहे. (हा तुमच्यासाठी एक धडा : पत्ता हासुद्धा दस्तऐवज असतो. पोस्टाच्या पाकिटाकडे अभिलेख म्हणून पाहायला शिका.)

पण हा आराखडा सैनिकासाठी होता. सैनिक येतो, काही आठवडे राहतो, जहाजात किंवा रेल्वेत बसून निघून जातो. त्याला स्वयंपाकघर नको, कारण खानावळ आहे. मुलांसाठी मैदान नको, कारण मुलंच नाहीत. त्याची मोकळी जागा कवायतीची. म्हाताऱ्याला बसायला कट्टा लागत नाही, कारण छावणीत म्हातारा नसतो. छावणी ६,००० सैनिक आणि ३०,००० इतर माणसांसाठी होती, असा आकडा अनेक ठिकाणी दिसतो. तो कुठून आला हे बहुतेक जण सांगत नाहीत, म्हणून मी तो 'प्रचलित आकडा' एवढ्याच नात्याने वापरते, तुम्हीही तसाच वापरा. पण तो जवळपास बरोबर धरला तरी चित्र स्पष्ट आहे. त्या जागेत साधारण लाखभर माणसं आली. सैनिक नव्हे, कुटुंबं. आजी, गरोदर बाई, शाळकरी मुलगा, दुकान गमावलेला व्यापारी. बराकीच्या मोठ्या दालनात पडदे, गोणपाट, पत्रे लावून एकेका कुटुंबाची खोली झाली.

म्हणजे माझ्या पहिल्या वाक्यातला 'नियोजित' बरोबर होता, पण 'नगर' चूक होतं. नियोजन छावणीचं होतं. नगर हे त्या नियोजनात न बसणाऱ्या माणसांनी केलं.

दुसरी गोष्ट जमिनीची, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुनर्वसन वसाहतीत जमीन ही केवळ जागा नसते, ती भरपाई असते. विस्थापित व्यक्ती (भरपाई व पुनर्वसन) कायदा १९५४ चा. पाकिस्तानात सोडून आलेल्या मालमत्तेच्या बदल्यात इथे काहीतरी मिळायचं, आणि त्या 'काहीतरी'मध्ये घर, गाळा, भूखंड हे सगळं आलं. उल्हासनगरमध्ये 'सनद' हा शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहे तो यामुळे. आता विचार करा, अशा गावात मोकळा तुकडा म्हणजे काय? नियोजनकाराला ती भविष्यातली बाग दिसते. पण ज्याचं शिकारपूरचं घर गेलंय त्याला ती अजून न वाटलेली भरपाई दिसते. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. या वसाहतीत मोकळी जागा टिकणं अवघड होतं ते केवळ लोभापायी नव्हे. तिच्या जन्मातच ती कुणाचं तरी देणं होती. हे माझं वाचन आहे, त्यावर वाद घाला, जरूर घाला.

आधी मैदान की आधी माणूस?

'मग नियोजित उपनगर म्हणजे कसं असतं?' तुम्ही विचाराल. तुलनेसाठी दादर-माटुंगा घ्या. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. दाटीवाटीच्या वस्तीतून माणसं उत्तरेकडे सरकवण्यासाठी दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथे योजना आखल्या गेल्या. योगायोग बघा, त्याच १८९८ साली इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्डचं उद्याननगरीची कल्पना मांडणारं पुस्तक प्रसिद्ध झालं. पण मुंबईत बंगला आणि बाग असं उपनगर झालं नाही, चाळ सोडून आलेल्या मध्यमवर्गाचं फ्लॅटमधलं उपनगर झालं. निखिल राव यांचं 'हाउस, बट नो गार्डन' हे २०१३ चं पुस्तक याच विषयावर आहे. नावातच सगळं आलं : घर आहे, बाग नाही. पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात ते हवंच.

घराला बाग मिळाली नाही, पण वस्तीला मिळाली. माटुंग्याच्या पारशी कॉलनीत पाच उद्यानं आली. दादरला मैदान आलं, १९२५ मध्ये ते लोकांना खुलं झालं, आणि १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळालं. सुमारे २८ एकर. तिथे क्रिकेट झालं, सभा झाल्या, संयुक्त महाराष्ट्राची आंदोलनं झाली. आज एवढ्या महागड्या जमिनीत ते मोकळं उभं आहे, याचं आपल्याला आश्चर्य वाटत नाही. वाटायला हवं.

फरक क्रमाचा आहे. शिवाजी पार्कात मैदान कागदावर आधी आलं, भोवतीच्या इमारती नंतर. कॅम्पात माणसं आधी आली, नगराचा कागद नंतर. पुढे विकास आराखडे झाले, आरक्षणं पडली. पण महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चं कलम १२७ वाचलंय का? आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत प्रशासनाने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपुष्टात येतं. म्हणजे नकाशावरचा हिरवा रंग हा आश्वासनाचा रंग आहे, आणि त्या आश्वासनाला मुदत आहे. तुमच्या परिशिष्टातल्या तक्त्यात 'प्रस्तावित उद्यान' असा रकाना असेल तर शेजारी 'केव्हापासून प्रस्तावित?' असा अजून एक रकाना वाढवा. बघा कसा चेहरा बदलतो तक्त्याचा.

दादरकरांच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती. मैदानाच्या भोवती लिहितं-बोलतं, कोर्टात जाऊ शकणारं, वर्तमानपत्रात पत्र पाठवणारं पांढरपेशा माणूसबळ होतं. मैदान नुसत्या आराखड्याने टिकत नाही, त्याला राखणदार लागतात. राखणदारी करायला फुरसत लागते. आणि फुरसत कुणाकडे असते हा पुन्हा इतिहासाचाच प्रश्न आहे.

एक साधं गणित

'अतिक्रमणांमुळे सुविधांचा ऱ्हास झाला' हे माझं वाक्य आठवतंय ना? ते आपण भागाकाराने तपासू. गणिताला घाबरू नका, पाचवीचं आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८. क्षेत्रफळ साधारण १३ चौरस किलोमीटर, म्हणजे १ कोटी ३० लाख चौरस मीटर. भागा. माणशी आले सुमारे २५.७ चौरस मीटर. नीट लक्षात घ्या, हे घराचं क्षेत्रफळ नाही. घर, रस्ता, नाला, शाळा, कारखाना, बाजार, स्मशान, रेल्वेमार्ग या सगळ्यांसकट माणशी वाट्याला येणारी ही संपूर्ण जमीन आहे. बॅडमिंटनचं एक कोर्ट साधारण ८२ चौरस मीटरचं असतं. तीन माणसांच्या वाट्याचं सगळं उल्हासनगर एकत्र केलं तरी एक कोर्ट पुरतं होत नाही.

आता केंद्र सरकारची २०१४ ची नगरनियोजनाची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी. १० धरा. म्हणजे शहराची जवळजवळ ३९ टक्के जमीन मोकळी सोडावी लागेल. उरलेल्या १६ चौरस मीटरमध्ये वर सांगितलेलं बाकी सगळं. शक्य आहे का?

समजा उद्या शहरातलं प्रत्येक अतिक्रमण जादूने नाहीसं झालं, तरी त्यात राहणारी माणसं नाहीशी होत नाहीत. ती कुठेतरी राहणारच. म्हणजे 'अतिक्रमण' हे माझ्या वाक्यात कारण म्हणून आलं होतं ते कारण नव्हतंच, किमान एकटं तर नव्हतंच. माणसं आणि जमीन यांचं मूळ प्रमाणच असं होतं की निकष पाळणं अशक्य. एक भागाकार केला असता तर माझं वाक्य मीच खोडलं असतं. मी तो केला नाही, कारण वाक्य वाचायला बरोबर वाटत होतं. बरोबर वाटणाऱ्या वाक्यांपासून सावध राहा!

शब्द कुणाच्या घरावर पडतो

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, एक शब्द चुकला, सुधारून घे. एवढा गाजावाजा कशाला?

कारण हे शब्द वहीत राहत नाहीत. उल्हासनगरच्या बेकायदा बांधकामांचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि ८५५ इमारती पाडण्याचा प्रश्न उभा राहिला. शहर ढवळून निघालं. अखेर राज्य सरकारने २००६ मध्ये फक्त या एका शहरासाठी अनधिकृत बांधकामं नियमित करण्याचा कायदा केला. एका शहरासाठी स्वतंत्र कायदा! 'नियोजित' शब्द आधी येतो, 'बिघडवलं' आपोआप मागून येतं, आणि त्याच्या मागून बुलडोझर.

पण थांबा. इथे दुसऱ्या टोकाला जायचा मोह होतो, मलाही झाला. दुसऱ्या मसुद्यात मी सगळं उलटं केलं. लोकांनी स्वतःचं शहर घडवलं, अतिक्रमण म्हणजे निर्मिती, नियोजन म्हणजे सत्ता, वगैरे. परिषदेत वाचलं, टाळ्या पडल्या. मग २०२१ चा मे महिना आला. पंधरवड्यात उल्हासनगरमधल्या दोन इमारतींचे स्लॅब कोसळले, माणसं गेली. त्या बातम्या वाचताना माझ्या मसुद्यातली 'निर्मिती' माझ्याच गळ्यात अडकली. लोकांनी घडवलं हे खरं, पण घडवणारा बिल्डर आणि खाली झोपलेलं कुटुंब हे एकच 'लोक' नव्हेत. शहर घडवण्याचं कौतुक करताना मी स्लॅबची जाडी विसरले होते.

म्हणून दोन्ही वाक्यं टाकून दिली. 'नियोजित नगर लोकांनी बिघडवलं' यात निर्वासित गुन्हेगार ठरतो. 'लोकांनी नगर घडवलं' यात राज्यसंस्था सुटते, बिल्डर सुटतो, आणि ज्या मुलाला खेळायला जागा नाही त्याची तक्रार तर ऐकूच येत नाही.

मग लोक खेळतात कुठे?

हा प्रश्न मी फार उशिरा विचारला. सुविधांच्या यादीला एक मोठी मर्यादा असते : जे नोंदलेलं आहे तेच तिला दिसतं. उल्हासनगरच्या यादीत गोल मैदान येतं, सपना गार्डन येतं, व्हीटीसी मैदान, दसरा मैदान येतं. या जागा खऱ्या आहेत, आणि एवढ्या दाटीत त्या टिकल्या हे विशेष आहे. जुनी टीका या टिकलेल्या जागांकडे पाहतच नाही, ती गेलेल्यांवरच रडते. गोल मैदान का टिकलं, हा प्रश्न मला आता 'बाकीची का गेली' यापेक्षा जास्त उपयोगी वाटतो. कुणी राखलं, कुठल्या सणाने राखलं, कुठल्या शाळेने, कुठल्या सकाळी चालायला येणाऱ्या मंडळींनी? यावर कुणाला एमएचा प्रबंध करायचा असेल तर विषय मोकळा आहे, घ्या.

पण यादीत न येणाऱ्या जागाही बघा. चेटीचंडला मिरवणूक निघते तेव्हा रस्ता हेच मैदान असतं. चालिहोचे चाळीस दिवस देवळाचं आवार हेच सभागृह. संध्याकाळी गजानन मार्केटमध्ये निघालेली सगळीच माणसं खरेदीला निघालेली नसतात, निम्मी नुसती फिरायला निघालेली असतात. दाल-पकवानच्या गाडीपाशी उभं राहून जे चालतं त्याला नियोजनाच्या भाषेत नाव नाही.

आणि पावसाळ्यात सगळा टापूच घराबाहेर पडतो. कोंडेश्वर, बारवी धरणाचा परिसर, आमच्या बाजूचे नदीकाठ. जांभूळला एमआयडीसीचं जलशुद्धीकरण केंद्र आहे, बारवीचं पाणी तिथे शुद्ध होऊन नळाने शहरांकडे जातं. पाणी आमच्या गावावरून शहराकडे, आणि रविवारी शहर आमच्या गावावरून पाण्याकडे! बदलापूर-अंबरनाथच्या नव्या गृहसंकुलांच्या जाहिरातीत 'निसर्गाच्या सान्निध्यात' असतं ना, तो निसर्ग म्हणजे कुणाची तरी भातखाचरं, कुणाची गुरचरण, आणि धरणाची उंची वाढवताना ज्यांची घरं बुडाली त्या पाड्यांचा डोंगर. संकुलाच्या आत राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीनुसार चार हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के मनोरंजनासाठी मोकळी जागा सोडावी लागते. चांगला नियम आहे. पण तिच्या भोवती फाटक असतं, आणि फाटकावर वॉचमन. तुमच्या तक्त्यात ही जागा आणि गोल मैदान एकाच रकान्यात मांडू नका. एकात कोणीही जाऊ शकतो, दुसऱ्यात नाव विचारतात.

आमच्या गावची मुलं भात कापून झालं की त्याच शेतात पिच करतात आणि पाऊस येईपर्यंत क्रिकेट चालतं. सहा महिने शेत, सहा महिने स्टेडियम. कुठल्याही यादीत नाही. त्या शेतावर संकुल आलं की यादीत 'एक क्रीडांगण वाढलं' अशी नोंद होईल. गावाचं एक कमी झालं, ही नोंद कुठे होईल?

नावाबद्दल थोडंसं

उल्हासनगर म्हणजे 'आनंदाचं शहर' असा अर्थ स्मरणिकांत वाचायला मिळतो. छान वाटतं. पण शेजारून उल्हास नदी वाहते, आणि नाव तिच्याशीही जोडता येतं. बदलापूरचंही तसंच, शिवाजी महाराजांच्या सैन्याचे घोडे इथे बदलत म्हणून बदलापूर, असं सगळे सांगतात. दंतकथा म्हणून ती जपा, पुरावा म्हणून वापरू नका. 'आनंद' म्हटलं की नदी गळते. आणि नदी गळली की वालधुनीचं काय झालं हा प्रश्नही गळतो. तिच्या प्रदूषणाचं प्रकरण हरित लवादापर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अंबरनाथच्या देवळाजवळून येणारी ही नदी खरं तर या शहराची सगळ्यात लांब बाग व्हायची. ती मनोरंजन सुविधांच्या एकाही तक्त्यात नाही, कारण तिची नोंद नाला म्हणून होते.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

एवढं वाचल्यावर 'आता करायचं काय' हे सांगणं माझं काम आहे. तुमचं अभ्यासक्षेत्र कुठलंही असो, चिंचवडचं प्राधिकरण, नाशिकचं सिडको, नागपूरची एखादी कॉलनी. 'इतिहास' या मथळ्याखालचं पहिलं वाक्य घ्या आणि त्याच्या आधीचं वाक्य शोधा. 'नियोजित' दिसलं की गाईडचे तीन शब्द लिहा. 'सुविधा' दिसली की चार गोष्टी विचारा : जमीन कुणाच्या नावावर आहे, आत कोण जाऊ शकतं, संध्याकाळी सहा वाजता तिथे प्रत्यक्षात कोण असतं, आणि कोण कधीच नसतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कार्यालयात मिळत नाही, तिथे जाऊन उभं राहावं लागतं. मी गोल मैदानात आठवडाभर वही घेऊन उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की माझ्या वयाच्या एकट्या मुली मला त्या सात संध्याकाळींत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच दिसल्या. ते निरीक्षण एका आठवड्याचं आहे, त्यावरून निष्कर्ष काढणार नाही. पण पुढचा प्रश्न मला तिथे मिळाला.

माझं वाक्य आता असं आहे : 'सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी आखलेल्या छावणीत निर्वासित कुटुंबं स्थायिक झाली. मोकळी जागा हीच तिथे भरपाईचं साधन असल्याने सार्वजनिक मैदानं टिकणं कठीण होतं. जी टिकली ती कशी टिकली, हा या अभ्यासाचा प्रश्न आहे.' पहिल्या वाक्याइतकं सुबक नाही, जरा लांबलंय. गाईडनी यावेळी रेघ मारली नाही. फक्त समासात लिहिलं, 'छावणीच्या आधी?'

म्हणजे नेवाळीचे शेतकरी, सातबारे, फेरफार. पुढचं वर्षही गेलंच म्हणायचं. तुमच्या भागातल्या एखाद्या मैदानाची अशी गोष्ट असेल, टिकलेल्या किंवा गेलेल्या, तर कळवा. पुढच्या वेळी तलाठी कार्यालयात जुने फेरफार कसे मागायचे, आणि 'उद्या या' असं सांगितल्यावर काय करायचं, ते लिहिते.